बाणूबाईला कुणी शंका विचारीना

मादन हिप्परग्याच्या बाणूबाईला एक खोड आहे. वाटेनं जाताना काही वेगळं दिसलं की ती थांबते. नुसती थांबत नाही, वाकून बघते, मागं फिरून पुन्हा बघते आणि कळेपर्यंत जागची हलत नाही. सोबतच्या बायका खुरपायला पोचलेल्या असतात आणि ही अजून बांधावर, मुंगळ्यांची रांग कुठं निघालीय ते बघत उभी. ह्या खोडीपायी तिची मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली, शिव्या खाव्या लागल्या, एकदा तर दूध उतू जाऊन चूल विझली तरी ही दारात चिमण्यांचं भांडण बघत बसलेली सापडली. तिचा बाप म्हणायचा, "ह्या पोरीला देवानं डोळे चार दिलेत, अक्कल द्यायची इसरून गेलाय."

बाप मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ हिंडणारा. त्याच्यामागं हिंडता हिंडता बाणूबाईला पाखरांचा नाद लागला. कोणतं पाखरू कुठं अंडी घालतं, कोणतं खोटंच लंगडत माणसाला पिलांपासून लांब नेतं, हे तिला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं. मग सातवीपर्यंत मराठी शाळा झाली, लग्न झालं. आता वय चाळिशीच्या आसपास. घरी दोन एकर तूर, चौदा मेंढरं, नवरा रामलिंग, सासू सिद्धव्वा, आणि कलबुर्गीला कॉलेजात शिकणारी, शनिवारी घरी येणारी लेक प्रतीक्षा. रामलिंगनं नवा फोन घेतला तेव्हा काच तडकलेला जुना फोन बाणूबाईला मिळाला. त्या फोननंच पुढचं सगळं घडवलं.

त्याचं असं झालं. आळंदचे बसवप्रभु मास्तर, नोकरीतून निवृत्त झालेला सज्जन माणूस, एकदा गळ्यात दुर्बीण अडकवून हिप्परग्याच्या माळावर आले. त्यांना धाविक नावाचं पाखरू बघायचं होतं. उंच पायांचं, मातीच्या रंगाचं, उडण्यापेक्षा पळणारं. मास्तर दोन तास दुर्बीण लावून क्षितिज बघत होते. बाणूबाई बाभळीखाली बसून मास्तरांना बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"मास्तर, हलू नका. तुमचा पाय अंड्यावर पडायलाय."

मास्तर एक पाय वर धरून तसेच उभे राहिले. पायाच्या वीतभर पुढं, खड्यांत खडे होऊन, दोन अंडी पडली होती. मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. त्याच दिवशी त्यांनी तिला 'माळपाखरं' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात घातलं.

हा ग्रुप म्हणजे एक अजब प्रकरण आहे. बीदर, आळंद, हुमनाबाद, उदगीर, उमरगा असे सीमेच्या दोन्ही बाजूंचे शंभर-सव्वाशे लोक. त्यांत बायका तीन. प्रमुख म्हणजे नौबादचे उद्धवराव. त्यांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. पाखरं बघणं हा त्यांचा छंद, पण पाखरांवरून भांडणं हा खरा छंद. त्यासाठी त्यांनी एक नियम केला होता. कुणी पाखरू बघितल्याची नोंद टाकली, की बाकीच्यांनी तिच्यावर शंका घ्यायच्या. कोणत्या वेळी? ऊन कुठून होतं? हेच कशावरून, ते कशावरून नाही? किमान तीन शंका यायला हव्यात, तिन्हींना उत्तरं द्यायला हवीत. मग उद्धवराव निर्णय देणार, मंजूर किंवा नामंजूर. मंजूर नोंदी एक एप्रिलला वर्षाच्या यादीत छापून येत. नामंजूर झालेल्याही येत, शेवटच्या पानावर, कारणासकट. आणि ज्याची एक तरी नोंद अशी निकालात निघाली आहे, त्यालाच दुसऱ्यांवर शंका घ्यायचा अधिकार.

ही माणसं एरवी इतकी गरीब, की एसटीत कुणी पायावर पाय दिला तर तीच माफी मागतील. पण शंका घ्यायची वेळ आली की अंगात यायचं. मल्लेश नावाचा बँकेतला कारकून होता. त्यानं साधी माळटिटवी टाकली, तर लोकांनी त्याला दुपारभर सोलून काढला. "डोळे बँकेत गहाण ठेवलेत का?" इथपर्यंत मजल गेली. मल्लेशही कमी नव्हता. त्यानं उद्धवरावांची ससाण्याची नोंद दोनदा पाडली होती. बाणूबाई हे सगळं चुलीपुढं बसून वाचायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. असं भांडायला आपल्याला कधी मिळेल, असं तिला फार वाटायचं.

मग तिनं पहिली नोंद टाकली. रंगीत पखुर्डी, नर-मादी, ओढ्याच्या पाण्यावर, सकाळी सात. फोटोही बरा आला होता. पाच मिनिटांत फोन टणटणायला लागला. गुलाबाची फुलं आली, जोडलेले हात आले, टाळ्या आल्या. "वा ताई!" "अप्रतिम ताई!" "नारीशक्तीला सलाम!" हे शेवटचं खुद्द उद्धवरावांचं. तिला गोड वाटलं, खोटं कशाला सांगायचं? तिनं ती फुलं रामलिंगला दाखवली, सासूला दाखवली. सासू म्हणाली, "एवढी फुलं तर तुझ्या लग्नात नव्हती."

वर्षभरात तिनं अशा तीन नोंदी टाकल्या. तिन्हींना फुलं. एक एप्रिलला यादी आली. अठ्ठावीस पानं. तिनं फोनच्या तडकलेल्या काचेवर बोट फिरवत एक-एक ओळ वाचली. मंजूर नोंदींत तिचं नाव नव्हतं. तिला वाटलं, चुकलं असेल आपलं. शेवटचं पान उघडलं. तिथंही नव्हतं. प्रतीक्षा शनिवारी आल्यावर तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, आणि मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, माझं नाव कामून न्हाई?"

"अक्का, तुमच्या नोंदींना तीन शंका पूर्ण झाल्या न्हाईत. नियमच हाय तसा."

"पण मास्तर, शंका कुणी घेतलीच न्हाई की."

"तेच म्हणतोय मी. मग पूर्ण कशा होतील?"

मास्तर अगदी प्रामाणिकपणे बोलत होते. आपण काही विचित्र बोलतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाणूबाईनं फोन ठेवला आणि ती बराच वेळ भिंतीकडं बघत बसली. तिला राग आला नाही. आधी तिला नवल वाटलं. बांधावरचे मुंगळे सरळ वाट सोडून वळसा का घालतात, तसलं नवल. आणि असलं नवल वाटलं की ती हलत नाही, हे आपण बघितलंच आहे.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, पाखरांचे दिवस आले तेव्हा तिनं मोजायला घेतलं. मेंढरांच्या वाड्याच्या भिंतीवर चुन्यानं रेघा ओढून दोन रकाने केले. ग्रुपात गड्याची नोंद आली की एका बाजूला, बाईची आली की दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक नोंदीखाली जितक्या शंका तितके ठिपके. महिन्याभरात गड्यांची बाजू चांदण्यासारखी ठिपक्यांनी भरून गेली. बाईच्या बाजूला तिच्या स्वतःच्या दोन रेघा होत्या. खाली कोरी भिंत. जुने निरोप वर सरकवत सरकवत ती मागच्या वर्षात गेली, तेव्हा उदगीरच्या एका कॉलेजातल्या बाईंची नोंद सापडली. चौतीस गुलाब, शंका एकही नाही. त्यानंतर त्या बाईंनी तोंडच उघडलं नव्हतं.

"हे काय काढायलीस भिंतीवर?" रामलिंगनं विचारलं.

"बघायलेय."

"काय बघायलीस?"

"ते कळल्यावर सांगते."

रामलिंग चांगला माणूस. तो मान हलवून पाणी भरायला गेला.

जानेवारीत घुबडं आली. सकाळचे साडेआठ झाले होते, ऊन चांगलं चढलं होतं. बाणूबाई मेंढरं घेऊन माळाच्या वरच्या अंगाला होती. पुढची मेंढी गुडघाभर गवतात शिरली आणि एकदम दचकून मागं सरली. तिच्या तोंडासमोरून घुबड उठलं. मग दुसरं. मग तिसरं. मोजून पाच घुबडं, भर उन्हात, जमिनीवरून. सगळ्या आयुष्यात बाणूबाईनं घुबडं बघितली होती ती पडक्या भिंतीत नाहीतर ओढ्याच्या कपारीत. ही गवतात बसली होती, सशासारखी. एक लांब न जाता पुन्हा बसलं आणि मान वळवून तिच्याकडं बघायला लागलं. गोल चेहरा, पिवळेजर्द डोळे, डोळ्यांभोवती कुणी बोटानं काजळ फासल्यासारखं काळं. कान असून नसल्यासारखे. हे आखूड कानाचं घुबड, हिवाळ्यात लांबून येणारं. मास्तरांनी सांगितलं होतं, आपल्या ग्रुपात ह्याची एकसुद्धा मंजूर नोंद नाही.

फोटो काढला तो काय, तपकिरी गवतात तपकिरी ठिपका. तिकडं मेंढरं चौखूर उधळली होती, त्यांच्यामागं पळावं लागलं. पण दुपारी ती परत गेली. घुबडं बसत होती त्या जागी त्यांनी ओकून टाकलेल्या केसाळ गोळ्या पडल्या होत्या, आत उंदराची बारीक हाडं. तिनं त्या पदरात बांधून आणल्या. सिद्धव्वानं ते बघून कपाळावर हात मारून घेतला.

"दिवसा घुबड बघितलंस ते बघितलंस, कुणाला सांगू तरी नकोस गं बाई."

बाणूबाईनं सव्वाशे जणांना सांगितलं. वेळ, जागा, संख्या, डोळ्यांचा रंग, सगळं लिहिलं. लिहायला तिला पाऊण तास लागला. ही नोंद यादीत जायलाच हवी होती. तिनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, पण हे तिला हवं होतं. पाच घुबडं तिनं बघितली होती, तिच्या माळावर, आणि तसं कुठंतरी लिहून राहायला हवं होतं.

फुलं आली. एकोणचाळीस. "ताई, तुमच्या जिद्दीला सलाम." "घर सांभाळून एवढं करता, कौतुक आहे." शंका शून्य.

एक दिवस गेला, आठवडा गेला, दुसरा आठवडा गेला. एकतीस मार्चला यादी बंद होणार होती. तिनं मास्तरांना फोन केला, तर ते म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणायलात तर घुबड आसणारच की. आम्हाला इश्वास हाय." विश्वास! तिच्या डोळ्यांपुढं ती कोरी भिंत आली. आता मात्र तिच्या डोक्यात एक किडा शिरला. ह्यांचा विश्वास आहे तरी केवढा? कुठपर्यंत जातो तो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपली तपकिरी कोंबडी उचलली, वाड्यामागच्या वाळक्या गवतात नेऊन सोडली आणि मागं चार दाणे टाकले. कोंबडी खाली मान घालून दाणे टिपायला लागली. गवताआडून तिचं नुसतं बूड आणि अर्धी पाठ दिसत होती. बाणूबाईनं फोटो काढला आणि खाली लिहिलं, "तणमोर. मादी. आमच्या माळावर. आज सकाळी."

तणमोर म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. गवतात राहणारं हे कोंबडीएवढं पाखरू आता इतकं कमी झालंय, की त्याच्या नुसत्या बातमीवर लोक रात्रीचा प्रवास करून जातात. एखाद्या गड्यानं हे टाकलं असतं, तर उद्धवराव दुकानाचं शटर अर्धं ओढून गाडीत बसले असते आणि मल्लेशनं बँकेत आजारी असल्याचं कळवलं असतं.

कोंबडीला सत्तावीस गुलाब आले. "वा ताई, दुर्मीळ!" "तुमची नजर म्हणजे नजर!" उद्धवरावांनी लिहिलं, "ताई, आपण ग्रुपची शान आहात." त्याच दिवशी कुणीतरी कावळा टाकला होता. त्याला सात शंका आल्या.

बाणूबाई आधी हसली. हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं. रामलिंगला दाखवलं, तोही हसला. मग सांजच्याला भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. हसू विरून गेलं होतं आणि खाली काहीतरी टोचत होतं. कोंबडीला फुलं आणि घुबडालाही तीच फुलं. म्हणजे आपण काय टाकलं ते कुणी बघितलंच नव्हतं. तिला एकदम फार एकटं वाटलं.

सकाळी उठून तिनं आपल्या आवाजात निरोप पाठवला. "ग्रुपातल्या समद्या अण्णा लोकांना नमस्कार. कालचा तणमोर माझी कोंबडी हाय. तिनं आत्ताच अंडं दिलंय."

सव्वाशे लोकांच्या ग्रुपात एकदम आवाज उठला. कुणी हसण्याचे तोंडवळे टाकले, कुणी म्हणालं ताईंनी छान मस्करी केली, कुणी म्हणालं हा ग्रुप मस्करीसाठी नाही. मल्लेशनं लिहिलं, "खरं सांगू का, मला काल दिसलं होतं ती कोंबडी आहे ते. पण म्हटलं, बाईमाणूस आहे, कशाला दुखवा." त्याखाली आणखी दोघांनी लिहिलं, "मलाही."

आता बाणूबाईला खरा राग आला. इतका वेळ तिला वाटत होतं, ह्यांना दिसत नाही. दिसत होतं! तोंडावर फुलं टाकून मनात कोंबडी म्हणत होते. वर उद्धवरावांचा निरोप आला, "ताई, आम्ही बायकांचा मान राखतो. त्याचा असा गैरफायदा घेऊ नये." तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"अण्णा, मान राखलात, लई उपकार झाले. पण ह्या मल्लेशअण्णाला तुम्ही टिटवीवरून दुपारभर सोलून काढला. त्याची टिटवी यादीत गेली. माझी घुबडं तीन आठवडे झाले तशीच पडून हायत. खरी का खोटी, कुणी इचारायला तयार न्हाई. फुलं कुणाला वाहतेत, अण्णा? देवाला, न्हाईतर मेलेल्या माणसाला. मी दोन्ही न्हाई. मी माळावर मेंढरं राखते आन् पाखरं बघते, तुमच्यासारखीच. माझं चुकलं आसंल तर चुकलं म्हणा. मला वाईट वाटलं तर माझं मी बघून घेईन."

त्या दिवशी बाणूबाई तुरीच्या राशीवर होती, पण लक्ष सगळं कमरेच्या फोनकडं. आपल्याला काढून टाकणार, ह्याची तिनं मनाशी तयारी केली होती. पाचच्या सुमाराला फोन वाजला. मल्लेश होता.

"ठीक आहे. घुबड. शंका एक. गव्हाणी घुबड कशावरून नाही? तेही फिकट असतं, तेही शेतात दिसतं. गडबडीत बघितलं असणार तुम्ही."

'गडबडीत बघितलं असणार.' बाणूबाईनं ते तीनदा वाचलं. तिचा चेहरा असा फुलला, की रामलिंगला वाटलं लेकीचा काही निकाल लागला. ती राशीवरून उतरून बांधावर जाऊन बसली आणि उत्तर द्यायला लागली. गव्हाणीचं तोंड बदामासारखं, पांढरं, डोळे काळे. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं त्याचं जोडपं आहे, रोज बघते. ह्यांचे डोळे पिवळे होते. मल्लेशनं उलट तपासणी केली, हिनं उलट उत्तर दिलं. अर्ध्या तासानं त्यानं लिहिलं, "बरं, सोडलं."

रात्री जेवणाच्या आधी उद्धवरावांची शंका आली. रुसलेल्या सुरात, पण आली. शृंगी घुबड कशावरून नाही? तिनं सांगितलं, शृंगीचे कान शिंगासारखे उभे, डोळे नारिंगी, आणि ते ओढ्याच्या कपारीत एकटं नाहीतर जोडीनं बसतं. उघड्या गवतात पाच-पाच बसत नाहीत. शिवाय गोळ्यांचा फोटो टाकला. उद्धवरावांनी एवढंच लिहिलं, "शंका दोन मिटली."

तिसरी शंका दुसऱ्या दिवशी सकाळी बसवप्रभु मास्तरांनी घेतली, आणि ती खरी मारकी होती. "अक्का, ते उडालं तेव्हा पंखाखालच्या मनगटापाशी काय दिसलं?"

उत्तर बाणूबाईला माहीत होतं. फिकट पंख आणि मनगटाशी काळा डाग. मागच्या हिवाळ्यात ग्रुपात ह्यावरूनच दोघांची जुंपली होती, तेव्हा तिनं ते वाचून डोक्यात ठेवलं होतं. दोन शब्द लिहायचे, काळा डाग, की तिची घुबडं यादीत, पहिलीच नोंद, तिच्या नावावर. कुणाला कळणार होतं? तिनं डोळे मिटून ती सकाळ पुन्हा बघितली. घुबड उठलं, दुसरं उठलं... आणि मेंढरं उधळली. ती मेंढरांकडं वळली होती. पंखांचा वारा आठवत होता, मऊ, बिनआवाजाचा. पंखाखालचं काही आठवत नव्हतं, कारण ते तिनं बघितलंच नव्हतं.

अंगठा बराच वेळ काचेवर तसाच राहिला. मग तिनं लिहिलं, "बघितलं न्हाई. मेंढरं उधळली होती."

दुपारी निर्णय आला. "आखूड कानाचे घुबड, पाच, मादन हिप्परगा. नामंजूर. कारण : उडतानाचे निरीक्षण अपुरे."

तिला वाईट वाटलं. व्हायचं ते झालं म्हणून सोडून देण्याइतकी ती मोठी नाही. डोळे भरून आले, ते मेंढीच्या पाठीला पुसले. पुढचे आठ-दहा दिवस ती रोज सकाळी त्या गवतात गेली, पंख बघायचेच म्हणून. पण घुबडं निघून गेली होती.

मार्च सरत आला. यादी बंद व्हायला दोन दिवस असताना उद्धवरावांनी आपली नोंद टाकली. भोवत्या, नर. हा हिवाळ्यात येणारा शिकारी पक्षी, उन्हं तापली की माघारी जातो. म्हणून त्या वर्षीचा शेवटचा भोवत्या कुणाला दिसला ह्यावरून ग्रुपात दर वर्षी चुरस असते. "एकोणतीस मार्च, नौबादच्या पुढे. आजवरची सर्वांत उशिराची नोंद." फोटो असा, की पाखराच्या डोळ्यातला ठिपकासुद्धा मोजावा. एकानं वयावरून शंका घेतली, मल्लेशनं सावलीवरून. उद्धवरावांनी दोघांना गप्प केलं. तिसऱ्या शंकेला कुणी पुढं होईना.

बाणूबाई फोटो मोठा करून बघत होती. पाखरू नाही, पाखरामागचं शेत. तिथं पिवळंधमक काहीतरी होतं. तिनं काच पदरानं पुसली आणि पुन्हा बघितलं. मग अंगठ्यानं सावकाश लिहिलं. बोलून पाठवलं नाही. हे तिला अक्षरांत हवं होतं.

"उद्धवराव अण्णा, शंका तीन. पाखराच्या मागं करडई फुललेली दिसायलीय. आमच्याकडं करडई काढून महिना झाला. तुमच्याकडं मार्चअखेर फूल कसं?"

तिची नोंद निकालात निघाली होती, त्यामुळं शंका घ्यायचा तिला अधिकार होता. नियम उद्धवरावांचाच. सव्वाशे लोक वाट बघत बसले. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं.

"बाणूबाई, शंका रास्त आहे. तपासलं. फोटो जानेवारीचा निघाला, कॅमेऱ्याच्या कार्डावर दोन्ही दिवसांचे एकत्र झाले होते. नोंद मागे घेतो."

तिला त्यांनी पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. कुणीतरी सवयीनं खाली एक गुलाब टाकला. लगेच मल्लेशनं लिहिलं, "गुलाब काढा." गुलाब निघाला.

एक एप्रिलला यादी आली. बाणूबाईनं ह्या वेळी पुढची पानं उघडलीच नाहीत. थेट शेवटचं पान उघडलं. 'नामंजूर व मागे घेतलेल्या नोंदी.' अकरा ओळी होत्या. नववी तिची होती, अकरावी उद्धवरावांची. तिनं फोन घेऊन मळ्यात जाऊन रामलिंगला गाठलं आणि बोटानं ओळ दाखवली.

रामलिंगनं हात धोतराला पुसून वाचलं. "नामंजूर? म्हंजी घेतलं न्हाई व्हय?"

"न्हाई घेतलं."

"मग एवढी खुश कामून होयलीस?"

"तसंच पडू न्हाई दिलं ओ," बाणूबाई म्हणाली. "तीनदा इचारून न्हाई घेतलं."